७ एमएम पीआरसी घरी भरताना: दाब दिसत नाही, वेग दिसतो

भाऊ, आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू मूळचा सावद्याचा, सध्या एच-१बी व्हिसावर आयडाहोत नोकरीला. एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी ७ एमएम पीआरसी या काडतुसाची रायफल घेतलीस, बॅरल २२ इंची. दुकानात काडतुसं मिळतील तेव्हा मिळतात, म्हणून पितळी पुंगळीत प्राइमर (पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवून घरीच भरायला लागलास. १७५ ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) घेऊन एकेक काडतूस वाढत्या भाराने, म्हणजे दारूच्या वाढत्या वजनाने, उडवलंस, पुस्तकातल्या कमाल भारापर्यंत पोचलास. तिथे क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) ३०४० फूट प्रति सेकंद दिसले. प्राइमर चपटा झालेला नाही, बोल्ट सहज उघडतो, म्हणून अजून थोडं वर जाऊ का, असं विचारतोस. मधल्या तीन भारांना वेग जवळपास सारखाच आला, ती सपाट जागा पक्की धरू का, हा दुसरा प्रश्न. मित्राने दिलेला ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमचा भार याला चालेल का, हा तिसरा. आणि परत येताना काडतुसं भरायचं यंत्र सावद्याला आणता येईल का, हा तुझ्या बाबांचा.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात डोळ्याचा आणि हाताचा प्रश्न आहे. वर जाऊ नकोस, खाली ये. तू आत्ताच हद्दीच्या पलीकडे आहेस असं मी मानतो.

वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात माझी नोकरी काडतुसांच्या तपासणीत गेली. लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) तयार झाला की त्यातून नमुने निघत आणि जाड भिंतीच्या चाचणी बॅरलमधून उडवले जात. जुन्या पद्धतीत चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) आडवं भोक असे, त्यात पिस्टन, पिस्टनवर तांब्याचा छोटा दंडगोल. काडतूस उडालं की तो तांब्याचा तुकडा किती दबला ते मायक्रोमीटरने मोजायचं आणि तक्त्यावरून दाब काढायचा. पुढे पिझो सेन्सर आले आणि दाबाचा सगळा आलेख पडद्यावर दिसू लागला. नमुने गरम करूनही उडवायचे आणि थंड करूनही. दाब आणि वेग, दोन्ही मर्यादेत असतील तरच लॉट पुढे जाई. निवृत्तीनंतर मुलीकडे कोलोरॅडोत राहू लागलो, तिथे ग्रीन कार्डावर रायफल घेतली आणि स्वतः काडतुसं भरायला लागलो, तेव्हा हा फरक पहिल्यांदा नीट जाणवला. घरच्या बाकावर दाब मोजण्याचं साधन नसतं. तुझ्याकडे आहे तो फक्त वेग. आणि तोच तुझा दाबमापक.

आता आकडे बघ. ७ एमएम पीआरसीची कमाल दाबमर्यादा अमेरिकेच्या सामी या संस्थेने ६५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठेवली आहे, म्हणजे जवळपास ४,४८० बार. मालट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, त्यावरून अंदाज कर. हॉर्नडी कंपनीचं १७५ ग्रेनचं तयार काडतूस ३००० फूट प्रति सेकंद देतं, तेही २४ इंची बॅरलमधून. बॅरल एक इंच कमी झालं की या वर्गाच्या काडतुसात साधारण २० ते २५ फूट वेग जातो. म्हणजे तुझ्या २२ इंची बॅरलला २९५० च्या आसपास यायला हवेत. तुला ३०४० आले. हे जास्तीचे ९० फूट आले कुठून? गोळी तितक्याच वजनाची, बॅरल उलट आखूड. मग ते दाबातूनच आले. एखादं बॅरल जात्याच थोडं जलद असतं हे मला मान्य आहे, पण ९० फुटांइतकं नाही. आणि जलद बॅरल म्हणजेसुद्धा पुष्कळदा घट्ट बोअर किंवा तंग चेंबर, तिथेही दाब चढलेलाच असतो.

पुस्तकाच्या कमाल भारावरच हे कसं झालं, असं तू म्हणशील. पुस्तकवाल्यांची पुंगळी वेगळी, प्राइमर वेगळा, दारूचा लॉट वेगळा आणि त्यांचं चेंबर वेगळं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ‘गोळी रायफलिंगला टेकेल इतकी बाहेर ठेवली.’ रायफलिंग म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचा. माझा संशय तिथेच आहे. गोळीला सुरुवातीला थोडी मोकळी धाव मिळाली की दाब सावकाश चढतो. ती आधीच खाचांना टेकलेली असेल तर तिला हलवायलाच जास्त जोर लागतो आणि दाबाचं टोक वर जातं. म्हणून पुस्तकाची कमाल ही पुस्तकाच्या रायफलची कमाल असते. तुझ्या रायफलची कमाल वेग सांगतो. छापील वेग, बॅरलच्या लांबीचा फरक धरून, गाठला गेला की तिथे थांबायचं, मग भार पुस्तकाच्या कमालीपेक्षा दीड ग्रेनने कमी का असेना.

प्राइमर आणि बोल्टवर विश्वास ठेवू नको असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. पितळ हे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पुंगळीचा बूड ठोकून कडक केलेला असतो, म्हणून तो बराच दाब मुकाट सोसतो. पितळ वाहू लागतं तेव्हा बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाएवढा गोल चकचकीत ठसा उठतो, बोल्टचा दांडा उचलताना जड लागतो. पण हे दिसेपर्यंत दाब ६५,००० च्या पुष्कळ पुढे गेलेला असू शकतो. प्राइमरचं तर आणखी अवघड. प्रत्येक कंपनीच्या टोपीची जाडी आणि कडकपणा वेगळा, एखादा सौम्य भारालाही चपटा होतो, दुसरा मर्यादा ओलांडली तरी गोल कडा राखून असतो. ठसा दिसला तर लगेच थांब. दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता ती सपाट जागा. हल्ली सगळीकडे हा प्रकार चालतो, एकेका भाराचं एकेक काडतूस उडवायचं, वेगाचा आलेख काढायचा आणि जिथे रेष आडवी दिसेल तिथे ‘नोड’ सापडला म्हणायचं. लॉटच्या तपासणीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटणं शक्य नाही. चांगल्या घरगुती भाराचं प्रमाण विचलन १० ते १२ फूट असतं. म्हणजे एकाच भाराची दहा काडतुसं उडवलीस तर सर्वांत मंद आणि सर्वांत जलद यांत ३० ते ४० फुटांचं अंतर सहज पडतं. आणि तुझी पायरी होती अर्ध्या ग्रेनची, तिने वेग वाढणार वीसेक फूट. पायरीपेक्षा नैसर्गिक चढउतारच मोठा असेल तर एकेका गोळीवरून काय कळणार? तीच मालिका उद्या परत उडव, सपाट जागा दुसरीकडे सरकलेली दिसेल. एक भार निवड, त्याची दहा काडतुसं भर, सावकाश, बॅरल थंड होऊ देत, एकाच लक्ष्यावर उडव. परवडत असेल तर वीस. तीन गोळ्यांचा गट एका नाण्याखाली झाकला गेला म्हणून काही ठरत नाही. दहांचा गट जो येईल तो खरा. दोन भारांत फरक दिसला नाही तर कमी दाबाचा घे आणि पुढे चाल.

मित्राच्या भाराबद्दल. तो कागद फाडून टाक. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं, पीआरसी २०२२ चं. दोघांच्या गोळीचा व्यास एकच, ०.२८४ इंच. बुडाचा व्यास ०.५३२ इंच, तोही एकच, त्यामुळे बोल्टचं तोंड आणि शेलहोल्डर (भरताना पुंगळीचा बूड धरणारा तुकडा) दोन्हींना तेच चालतात. आतली जागाही जवळपास सारखी. एवढं सारखं असलं की भारही तोच चालेल असं वाटणं साहजिक आहे, आणि धोका तिथेच आहे. रेमिंग्टनची दाबमर्यादा ६१,००० पीएसआय, पुंगळी लांब, तिच्या बुडाला पट्टा, आणि चेंबरमध्ये ती त्या पट्ट्यावर टेकते. पीआरसीला पट्टा नाही. ती ३७५ रुगर या काडतुसाच्या घराण्यातली, ३० अंशांच्या खांद्यावर टेकणारी. पुंगळीची कमाल लांबी २.२८० इंच, पूर्ण काडतुसाची ३.३४० इंच. पुंगळी आखूड आणि काडतूस लांब ठेवल्यामुळे लांब, जड गोळीचा बूड दारूच्या जागेत फार घुसत नाही. बॅरलचा पीळ आठ इंचात एक फेरा, जुन्या रेमिंग्टनला साधारण साडेनऊ इंचात एक. चेंबरच्या तोंडाशी गोळीला दिलेली वाटही वेगळी. इतकं बदलल्यावर एकाचा भार दुसऱ्यात घालणं म्हणजे तपासणी न झालेला लॉट हातात घेणं.

नव्या काडतुसाची अडचण हीच असते. जुन्यावर साठ वर्षं लोकांनी लिहिलेलं, तपासलेलं, खोडलेलं असतं. नव्याला शेजाऱ्याच्या अनुभवावर चालवायचा मोह होतो. २०२२ च्या आधी छापलेल्या कुठल्याही पुस्तकात हे काडतूस असणं शक्यच नाही, तेव्हा वापरलेली पुस्तकं स्वस्तात घेऊ नको. ज्या कंपनीची गोळी तिचंच ताजं पुस्तक, आणि दारूच्या कंपनीचा तक्ता, दोन्ही समोर ठेव. जुळत नसतील तर खालच्या आकड्यापासून सुरू कर. म्हणूनच मीही इथे भाराचे ग्रेन लिहीत नाही. माझा आकडा माझ्या गोळीचा, माझ्या डब्याचा आहे.

त्यात २०२५ पासून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फेडरल कंपनीने ७ एमएम बॅककंट्री आणलं, पोलादी मिश्रधातूची पुंगळी, ८०,००० पीएसआय, १७० ग्रेनची गोळी २० इंची बॅरलमधून ३००० फुटांनी. गोळी पुन्हा तीच ०.२८४ ची. रेंजवर कोणी त्याचे वेग सांगेल आणि तुला वाटेल माझंही तिथवर जायला हवं. ती रायफल, ती पुंगळी त्या दाबासाठी बनवली आहे. तुझं पितळ नाही.

पुंगळीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण नवशिका माणूस दारूवर रात्र घालवतो आणि पितळाकडे बघत नाही. तुझ्याकडच्या पुंगळ्या मर्यादित आहेत, त्या टिकायला हव्यात. काडतूस उडालं की पुंगळी फुगून चेंबरच्या मापाची होते. रिसायझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून परत मापावर आणणाऱ्या साच्यात) तिचा खांदा मागे ढकलला जातो. किती ढकलायचा? दोन थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), फार तर तीन. डायच्या डब्यातल्या चिठ्ठीप्रमाणे शेलहोल्डरला टेकवून वर पाव फेरा दिलास तर खांदा आठ-दहा थाऊ मागे जाऊ शकतो. मग पुढच्या वेळी पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते. दाब आला की तिचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो, बूड मागे सरकतो आणि मधलं पितळ ताणलं जातं. चारदोन वेळा असं झालं की बुडाच्या थोडं वर पितळ आतून पातळ होतं आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात, गरम वायू मागे येतो. म्हणून खांद्याचं माप घ्यायचा कंपॅरेटर आधी घे, महागडा वजनकाटा नंतर.

ताण ओळखायची सोपी युक्ती आहे. पेपरक्लिप सरळ कर, टोकाला दोन मिलिमीटर काटकोनात वाकव, टोक कानशीने अणकुचीदार कर. ते पुंगळीत बुडापर्यंत घाल आणि भिंतीला टेकवून सावकाश वर ओढ. चांगल्या पुंगळीत टोक सरळ वर येतं. खराब असेल तर बुडापासून पाऊण-एक सेंटिमीटरवर ते एका खाचेत अडखळतं. बाहेरून त्याच जागी फिकट, चमकदार कडं दिसतं. असं एक सापडलं तर त्याच वेळी भरलेल्या सगळ्या पुंगळ्या तपासायच्या, आणि खराब ती पक्कडीने चेपून टाकायची, म्हणजे चुकून परत डब्यात जायला नको.

लांबीही बघत जा. दर वेळी गळा थोडा वाढतो. २.२८० च्या पुढे गेला तर चेंबरच्या टोकाला गळ्याची कड दुमडते आणि गोळीला आवळून धरते, गोळी सुटायला जागाच राहत नाही. दाब एकदम उसळतो आणि भार मात्र तोच असतो, कारण सापडत नाही. २.२७० ला छाटून ठेव. गळा वारंवार दाबून फुगवून कडक होतो, काही वेळा भरल्यावर त्याला तापवून मऊ करावं लागतं. फक्त गळा आणि खांदा. बुडाला उष्णता पोचली तर ती पुंगळी भंगारात.

एल्कसाठी पुढे तांब्याची अखंड गोळी घ्यायचा तुझा विचार आहे. विचार चांगला आहे, कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिशाशिवायचीच गोळी लागते. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त खोल बसते आणि रायफलिंगमध्ये वेगळ्या जोराने शिरते. शिशाच्या गोळीचा भार तिला लावायचा नाही. तिचा स्वतःचा तक्ता, पुन्हा सुरुवातीच्या भारापासून.

उन्हाबद्दल आपल्या खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको. भुसावळात मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो आणि पत्र्यावर हात ठेववत नाही. बंद गाडीत, उन्हात ठेवलेलं काडतूस त्याहून तापतं, आणि तापलेली दारू जलद जळते. ऑक्टोबरच्या थंडीत मर्यादेला टेकलेला भार जुलैत मर्यादा ओलांडतो. एच १००० किंवा रेट्युम्बो यांसारख्या सावकाश जळणाऱ्या, तापमानाने कमी बदलणाऱ्या दारू या काडतुसाला मानवतात. कमी बदलतात म्हणजे बदलत नाहीत असं नव्हे. उन्हाळ्यात भार ठरव आणि थंडीत वापर, उलटं नको. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घालून गप्पा मारत बसू नको, तापलेल्या बॅरलमध्ये ते मिनिटभरात गरम होतं.

बाकाची शिस्त तुला बहुतेक माहीत आहे, तरी दोन गोष्टी. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपलं की उरलेली दारू त्याच मूळ डब्यात, रात्रभर हॉपरमध्ये (दारू मापून सोडणाऱ्या यंत्राच्या भांड्यात) नाही, कारण सकाळी हॉपरमध्ये कुठली होती हे आठवणीवर सोडायचं नसतं. आणि सुरक्षित राहायचं म्हणून सुरुवातीच्या भाराच्याही खाली जाऊ नको. सावकाश दारूचा फार कमी भार नीट पेटत नाही, कधी गोळी उशिरा सुटते, कधी दाब अनपेक्षित चढतो. प्राइमर तक्त्यात असेल तोच. या काडतुसाला लार्ज रायफल मॅग्नम लागतो, आणि कंपनी बदलली की भार परत खालून चढवायचा.

तू एच-१बीवर आहेस म्हणून हेही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसाच्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही बंदी आहे. त्यातून सूट मिळते ती राज्याच्या वैध शिकार परवान्यावर. आयडाहोचा तुझा परवाना कधी संपतो ते बघ. तो संपला की कपाटातल्या काडतुसांसकट तू उघडा पडतोस, आणि पुढे व्हिसाचंही अवघड होऊन बसेल. स्वतःपुरतं भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही, पण भरलेली काडतुसं विकायला लागतो. मित्रांना पैसे घेऊन भरून देऊ नको.

आता बाबांचा प्रश्न. यंत्र आणायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे, निर्मितीला कलम ५ चा वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. सामानात एखादी रिकामी पुंगळी, पुंगळीची की-चेन, जॅकेटच्या खिशात विसरलेलं काडतूस, यावरूनही विमानतळावर गुन्हा दाखल होऊ शकतो. निघण्याआधी ज्या बॅगा रेंजवर नेल्या होत्या त्या घरीच ठेव, दुसऱ्या बॅगा घे.

रानडुकरं केळीची बाग उकरतात आणि नीलगाय हरभरा खाऊन जाते, हे बाबांचं दुःख खरं आहे, तापीकाठचा शेतकरी ते रोज बघतो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय डुकरावरही गोळी झाडता येत नाही, बंदूक परवान्याची असली तरी. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज द्यायचा आणि पंचनामा होईपर्यंत ती जागा नांगरायची नाही, एवढं त्यांना फोनवर सांग.

आणि हो, २९५० च्या वर वेग देणारी जी काडतुसं भरून ठेवली आहेस ती उडवून संपवू नको. पुलरने गोळी काढ, दारू वेगळी ओत, पुंगळी आणि गोळी परत वापर. मग गोळी रायफलिंगपासून किमान वीस थाऊ मागे बसव, सुरुवातीच्या भारापासून पुन्हा चढ, आणि प्रत्येक भाराचा वेग, तापमान, दारूचा लॉट नंबर वहीत लिही. दहा गोळ्यांचे आकडे आले की पाठव, मी बघतो.